पद्धत उघडी, माणूस झाकलेला

प्रश्न : आमच्या कॉलेजात व्याख्यानाला आलेल्या एका शास्त्रज्ञांनी आपल्या तीन आवडी सांगितल्या : ओपन सोर्स सॉफ्टवेअर, ऑनलाइन खासगीपणा आणि संशोधन. मला यात मेळ दिसेना. सॉफ्टवेअरचा कोड उघडा ठेवा, संशोधनाचा डेटा उघडा ठेवा, आणि स्वतःची माहिती मात्र झाकून ठेवा, हे एकाच दमात कसं म्हणता येतं? शिवाय लपवण्यासारखं काही नसेल तर झाकायचं कशाला? (नाव छापू नये.)
— एक विद्यार्थिनी, एकलहरे (जि. नाशिक)

उत्तर : मेळ आहे, आणि तो दाखवायला तुमच्या गावातली वीज पुरे आहे. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात २१० मेगावॅटचे तीन संच आहेत. केंद्राने काल किती वीज काढली, हे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या दैनिक अहवालात येतं आणि ते कोणालाही वाचता येतं. यायलाच हवं. केंद्र सरकारी मालकीचं, पैसा लोकांचा, आणि धूर तर साऱ्या पंचक्रोशीचा. आता त्याच विजेचं दुसरं टोक पाहा. वसाहतीतल्या अमुक एका घराने काल किती वाजता किती वीज ओढली, हेही स्मार्ट मीटरमुळे मोजता येतं. ते मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळण्याचं काही कारण नाही. संस्थेचा हिशेब उघडा आणि घराचा झाकलेला, यात कोणालाच विसंगती वाटत नाही. तुमच्या पाहुण्यांच्या तीन आवडी याच रेषेवर उभ्या आहेत.

विजेच्या आकड्यांत लपवण्यासारखं काय असणार, असं वाटेल. पण ते आकडे जरा जवळून वाचा. पहाटे सव्वापाचला वापर एकदम दोन हजार वॅटने वर गेला आणि वीस मिनिटांनी तेवढाच खाली आला, तो गीझर. त्यानंतर दीड-दोन मिनिटं पाचशे वॅटचा खडखडाट, तो मिक्सर. चटणी वाटली असावी. दिवसभर ठरावीक अंतराने शे-दीडशे वॅटची चढउतार होते, तो फ्रिज. रात्री अडीचला दिवा लागतो आणि रोज लागतो, म्हणजे घरात कोणी आजारी आहे किंवा तान्हं बाळ आहे. आणि सलग चार दिवस फक्त फ्रिजची चढउतार उरली, तर मंडळी गावाला गेली आहेत. चोराला याहून जास्त माहिती लागत नाही. स्मार्ट मीटर साधारणपणे पंधरा मिनिटांच्या किंवा अर्ध्या तासाच्या टप्प्याने नोंद ठेवतो, त्यामुळे त्यात मिक्सर दिसणार नाही. पण घर रिकामं आहे की भरलेलं, हे त्यातूनही कळतं.

एकाच मीटरवरून घरातली उपकरणं ओळखण्याची ही युक्ती अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जॉर्ज हार्ट यांनी १९८०च्या दशकात बसवली. हेतू चांगला होता : प्रत्येक उपकरणाला वेगळा मीटर न लावता वीज कुठे खर्च होते ते समजावं. पद्धतीवरचा त्यांचा मोठा शोधनिबंध १९९२चा. मात्र त्याच्या तीन वर्षं आधी, १९८९ साली, या तंत्राने घरांवर पाळत ठेवता येईल असा इशारा देणारा लेख त्यांनी स्वतःच लिहिला होता. ज्याने यंत्र घडवलं त्यानेच त्याची धार दाखवून दिली. संशोधनाची आवड आणि खासगीपणाची काळजी एकाच डोक्यात कशी नांदते, याचं हे चोख उदाहरण.

ओपन सोर्सचा धागा याच कामात पुढे येतो. हार्टनंतर अनेकांनी आपापल्या पद्धती काढल्या. प्रत्येकाचा कोड वेगळा, डेटा वेगळा आणि यश मोजायची पट्टीही वेगळी. साहजिकच प्रत्येकाचीच पद्धत सरस ठरे! २०१४ साली दिल्लीच्या आयआयआयटीतले निपुण बत्रा, लंडनच्या इंपीरियल कॉलेजातले जॅक केली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एनआयएलएमटीके नावाचं मुक्त सॉफ्टवेअर प्रसिद्ध केलं. आता वेगवेगळ्या पद्धती एकाच डेटावर, एकाच पट्टीने तपासता येऊ लागल्या. संशोधनात कोड उघडा ठेवायचा तो यासाठी. ‘माझं बरोबर आहे’ असं म्हणणाऱ्याला ‘दाखव’ म्हणता आलं पाहिजे.

‘दाखव’ म्हटल्यावर काय होतं, याचा गाजलेला किस्सा अर्थशास्त्रातला आहे. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांनी २०१० साली मांडलं, की देशाचं कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं की वाढ खुंटते. अशा देशांचा सरासरी वाढीचा दर त्यांनी उणे ०.१ टक्का दिला. सरकारी खर्चात कपात करा म्हणणारे पुढारी अनेक देशांत या निबंधाचा दाखला देऊ लागले. थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला वर्गातला अभ्यास म्हणून तो हिशेब पुन्हा करायचा होता आणि तो काही केल्या जुळेना. लेखकांकडून मूळ एक्सेल फाइल मिळाली तेव्हा दिसलं, की सरासरीच्या सूत्रात पाच देश धरलेच गेले नव्हते. आणखी काही निवडी आणि भारांकही वादाचे निघाले. हर्नडन आणि त्याच्या दोन प्राध्यापकांनी २०१३ साली केलेल्या दुरुस्त हिशेबात उणे ०.१ चे अधिक २.२ टक्के झाले. फाइल पहिल्या दिवसापासून उघडी असती, तर ही चूक तीन वर्षं मुरली नसती.

उघडं ठेवल्याने फक्त चुका सापडतात असं नाही, नवं हातीही लागतं. नाशिकहून पुण्याला जाताना नारायणगाव लागतं. तिथून जवळच खोडदला ‘जीएमआरटी’ ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची. तिचा एक चांगला नियम आहे. निरीक्षण घेणाऱ्या शास्त्रज्ञाला त्या डेटावर १८ महिने पहिला हक्क, त्यानंतर तो डेटा जगाला खुला. २०१० ते २०१२ या काळात तिने १५० मेगाहर्ट्झवर जवळजवळ सगळं दिसणारं आकाश टिपलं होतं. त्या साठवलेल्या डेटावर हुइब इंटेमा हा डच खगोलशास्त्रज्ञ आणि त्याचे सहकारी नव्या पद्धतीने बसले आणि २०१७ साली त्यांनी सुमारे ६ लाख २० हजार रेडिओ स्रोतांची यादी प्रसिद्ध केली. दुर्बीण जुन्नर तालुक्यातली, हिशेब परदेशात झाला, आणि यादी आज कोणत्याही विद्यार्थ्याला फुकट मिळते. ताऱ्यांना खासगीपणा नसतो, हे खगोलशास्त्रज्ञांचं भाग्य.

माणसांवर संशोधन करणाऱ्यांना ही चैन नाही, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. तुमचं नाव मी छापलं नाही. पण पत्रात शाखा, वर्ष, वसाहतीतली इमारत आणि वडिलांचं खातंही लिहिलं होतं. ते तसंच छापलं असतं, तर नाव गाळून उपयोग शून्य. एकलहऱ्यात एवढ्यावरून घरपोच पत्र आलं असतं. लतान्या स्वीनी यांनी १९९०च्या दशकात हेच मोठ्या प्रमाणावर दाखवून दिलं. मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या आजारपणाच्या नोंदी नावं काढून संशोधकांना दिल्या होत्या. स्वीनी यांनी केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलरला विकत घेतली आणि जन्मतारीख, लिंग व पिनकोड जुळवून पाहिले. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची वैद्यकीय नोंद नेमकी हाती आली. १९९०च्या जनगणनेवरून स्वीनी यांनी काढलेला अंदाज असा, की या तीन गोष्टींवरून ८७ टक्के अमेरिकी माणसं एकेकटी ओळखता येतील. वेल्ड यांनी काही लपवलं नव्हतं. आपलं आजारपण कोणाला सांगायचं हा निर्णय त्यांचा होता आणि तो त्यांच्या हातून गेला. खासगीपणा म्हणजे हा निर्णयाचा हक्क. काळंबेरं असण्याशी त्याचा संबंध नाही.

मग माणसांचा अभ्यास करूच नये? करावा, पण डोकं लढवून. समजा, तुमच्या कॉलेजात किती जणांनी कधी कॉपी केली हे शोधायचं आहे. सरळ विचारलं तर सगळेच साव. त्याऐवजी प्रत्येकाने गुपचूप नाणं उडवायचं. छापा पडला तर खरं उत्तर द्यायचं. काटा पडला तर पुन्हा उडवायचं आणि आता छाप्याला ‘हो’, काट्याला ‘नाही’ म्हणायचं. शंभर जणांत ४० ‘हो’ आले असं धरा. साधारण ५० जण काट्याचे, त्यांतले २५ नुसते नाण्यामुळे ‘हो’ म्हणाले. उरलेले १५ ‘हो’ खरं बोलणाऱ्या ५० जणांतले; म्हणजे कॉपीचं प्रमाण सुमारे ३० टक्के. प्रमाण कळलं, पण ‘हो’ म्हणणाऱ्या एकाही मुलाला पकडता येत नाही, कारण ‘माझं नाणं तसं पडलं’ हे त्याचं उत्तर तयार आहे. स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५ साली मांडलेल्या कल्पनेचं हे सोपं रूप. सिंथिया ड्वर्क आणि सहकाऱ्यांनी २००६ साली आकड्यांत असा नाण्यासारखा ‘गोंगाट’ मोजूनमापून मिसळण्याचं गणित बांधलं, आणि अमेरिकेने २०२०च्या जनगणनेचे आकडे ते वापरून प्रसिद्ध केले. गंमत अशी, की गोंगाट किती आणि कसा मिसळला हे सूत्र उघड सांगितलं तरी माणूस झाकलेलाच राहतो.

कुलुपांचंही तेच आहे. संकेतलेखनाची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुप्त राहावी ती फक्त किल्ली, असं ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ सालीच लिहून ठेवलं. तुमच्या फोनमधली आणि बँकेच्या व्यवहारातली माहिती झाकणारी ‘एईएस’ ही पद्धत अशीच निवडली गेली. अमेरिकी मानक संस्थेने १९९७ साली जगाला आवाहन केलं, आलेल्या पद्धती जगभरच्या तज्ज्ञांनी फोडून पाहिल्या आणि टिकली ती दोन बेल्जियन संशोधकांची. ‘टॉर’ची कथा आणखी मजेशीर. इंटरनेटवर कोण कोणाशी बोलतंय हे झाकणारं हे तंत्र अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत जन्मलं. निरोपावर कांद्यासारखे पापुद्रे असतात, वाटेतलं प्रत्येक ठाणं एकच पापुद्रा काढतं. पहिल्या ठाण्याला पाठवणारा कळतो, शेवटच्याला मुक्काम, दोन्ही कोणालाच कळत नाही. पण फक्त नौदलाने ते वापरलं असतं तर वापरणारा प्रत्येक जण नौदलाचाच, हे उघड झालं असतं. लपायला गर्दी लागते. म्हणून पुढे कोड मुक्त परवान्याखाली सर्वांना दिला.

उघडा कोड म्हणजे आपोआप सुरक्षित, असा मात्र समज नको. कोड उघडा असला तरी तो कोणीतरी वाचावा लागतो. २०२४च्या मार्चमध्ये ‘एक्सझेड’ या लिनक्समधल्या छोट्या साधनात चोरदरवाजा सापडला. तो बसवणाऱ्याने दोनेक वर्षं इमानाने काम करून विश्वास कमावला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं आणि तो मुळाशी गेला. कोड बंद असता तर त्याला मुळाशी जाताच आलं नसतं.

आपल्याकडे कायदाही याच रेषेवर आला आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधनाला सवलत आहे, पण तिला अट आहे : त्या माहितीवरून विशिष्ट व्यक्तीबद्दल निर्णय घेता कामा नये, आणि ठरवलेली मानकं पाळली पाहिजेत. आणि काय मोजायचं हे शहाणपणाने ठरवलं, तर निम्मं काम कायद्याआधीच होतं. पुण्याच्या ‘प्रयास’ ऊर्जा गटाने गावोगावी छोटी यंत्रं लावून मिनिटामिनिटाचं व्होल्टेज नोंदवलं आणि नोंदी खुल्या केल्या. वीज किती तास गेली, दाब किती पडला, हे त्यातून पुराव्यासकट कळतं. घरात कोण केव्हा उठलं हे कळत नाही, कारण यंत्र पुरवठा मोजतं, वापर नाही.

तुमच्या कॉलेजच्या प्रकल्पात हेच करून पाहा. पायरेटेड सॉफ्टवेअरच्या नादी न लागता मुक्त साधनं घ्या. आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पात ती मिळतात आणि ‘स्पोकन ट्युटोरियल’चे धडे मराठीतही आहेत. कोड, सूत्रं आणि फसलेले प्रयोगसुद्धा सगळ्यांसमोर ठेवा. ज्यांच्या घरी मोजमाप केलंत त्यांना आधी विचारा, लागेल तेवढंच मोजा, आणि नाव-पत्ता-तारीख डेटात मुळात शिरूच देऊ नका. जे गोळाच केलं नाही, ते फुटतही नाही.