तंबू, वेदी आणि कबर

शास्त्रपाठ : उत्पत्ति, अध्याय १३ व २३. पाठांतराचें वचन : इब्री ११:१०.

आपल्या खेड्यांतील मंडळ्यांमध्यें जीं भांडणें होतात, त्यांपैकीं पुष्कळांचें मूळ शोधूं गेल्यास तें हातभर जमिनींत सांपडतें. बांध कोणी कोरला, विहिरीच्या पाण्याची पाळी कोणाची, बापामागें पडवी कोणाच्या वांट्यास आली, असल्या गोष्टींवरून सख्खे भाऊ एकमेकांशीं बोलेनासे होतात. आणि उपासनेस आलेच तर एक पुढें व दुसरा दाराशीं असे बसतात. अशा दोघांस सार्वकालिक जीवनाविषयीं विचारून पाहा. दोघेही बरोबर उत्तर देतील. स्वर्ग आहे, न्यायाचा दिवस आहे, हें जग नाहींसें होणार आहे, हें सर्व त्यांस ठाऊक असतें. परंतु तें ज्ञान बांधापर्यंत येतें आणि तेथेंच थांबतें. सार्वकालिकावर दृष्टि ठेवून जगणें म्हणजे काय, हें आज आपण अब्राहामाच्या चरित्रावरून पाहूं. कारण त्याच्यापुढेंही हाच जमिनीचा प्रश्न आला होता.

भांडण कसें उद्भवलें

अब्राम व त्याचा पुतण्या लोट मिसर देशाहून परत आले, तेव्हां दोघांचींही गुरें व मेंढरें फार वाढलीं होतीं. चारा पुरेना, म्हणून त्यांच्या गुराख्यांत कटकट सुरू झाली. येथें शास्त्रांत एक लहानसें वाक्य आलें आहे, तें वाचक बहुधा ओलांडून जातात (१३:७). त्या काळीं कनानी व परिज्जी लोक त्या देशांत राहत होते, असें तेथें सांगितलें आहे. कुरणें व पाणी कमी कां पडलें हें त्यावरून कळतेंच. परंतु आणखीही एक गोष्ट कळते. जिवंत देवाचें नांव घेणारीं हीं दोन घरें आपसांत कशीं वागतात, हें पाहणारे शेजारी भोंवतीं होते. आपल्या भांडणांसही असेच साक्षी असतात. आपला उपदेश ते क्वचितच ऐकतात. चावडीवरचा आपला आवाज मात्र त्यांस रोज ऐकूं जातो.

अब्राम वडील होता. देशाचें वचनही देवानें त्यालाच दिलें होतें (१२:७). पंच बसविले असते तर निवाडा त्याच्याच बाजूनें झाला असता. असें असतां तो पुतण्यास म्हणाला कीं, आपण भाऊबंद आहों, तंटा नको. तूं डावीकडे गेलास तर मी उजवीकडे जाईन, तूं उजवीकडे गेलास तर मी डावीकडे जाईन. एवढें मोकळें मन त्याला कोठून आलें? त्याचें उत्तर तीन वस्तूंत आहे.

तंबू

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रांत (११:९,१०) सांगितलें आहे कीं, अब्राहाम वचनदत्त देशांत परक्यासारखा तंबूंत राहिला. कारण ज्या नगराचा पाया ढळत नाहीं व जें देवानें स्वतः बांधलें, त्याची तो वाट पाहत होता. तंबूचें घर लहान असतें असें नाहीं. अब्राम श्रीमंत होता. परंतु तंबूच्या मेखा उपटतां येतात. आपली मालमत्ता त्यानें अशा रीतीनें धरली होती कीं, देवानें ऊठ म्हटल्यास उठतां यावें.

लोटाचाही तंबूच होता. पण त्याचा प्रवास कसा झाला तें पाहा. त्यानें डोळे वर करून यार्देनेचें खोरें पाहिलें, तों तें सोअरापर्यंत सारें भिजलेलें, बागायती. पाणी त्यानें पाहिलें. तेथील माणसें कशीं आहेत हें मात्र पाहिलें नाहीं. प्रथम त्यानें सदोमाकडे तोंड करून तंबू दिला (१३:१२). पुढें तो सदोमांतच राहूं लागला (१४:१२). आणि शेवटीं सदोमाच्या वेशींत बसलेला तो आपणांस आढळतो (१९:१). लोट अधर्मी होता असें नव्हे. प्रेषित पेत्र त्यास नीतिमान् म्हणतो (२ पेत्र २:७). देवाला मानणाराही केवळ पिकाच्या मापानें निवड करूं लागला, तर हळूहळू कोठें जाऊन पोंहचतो, हें त्याच्यावरून शिकावें.

वेदी

अब्राम काहीं निर्दोष नव्हता. दुष्काळाच्या भयानें तो मिसरांत गेला, आणि जीव वाचावा म्हणून आपल्या बायकोस त्यानें बहीण म्हटलें. तेथून परतल्यावर तो बेथेलजवळ, जेथें त्यानें पूर्वीं वेदी बांधिली होती तेथें, प्रथम गेला आणि देवाचें नांव घेतलें (१३:३,४). गुराख्यांचें भांडण लागलें तें त्यानंतर. हा क्रम लक्षांत ठेवा. भांडणाच्या वेळीं उदार होण्याचें बळ आयत्या वेळीं आणतां येत नाहीं. तें अगोदर वेदीपाशीं मिळवावें लागतें.

लोट निघून गेल्यावर देव अब्रामास म्हणाला कीं, आतां तूं डोळे वर करून पाहा (१३:१४). डोळे दोघांनींही वर केले. लोटानें आपल्या मनानें, अब्रामानें देवाच्या सांगण्यावरून. मग तो हेब्रोनास मम्रे येथें गेला आणि तेथेंही त्यानें वेदी बांधिली. लोटानें एकही वेदी बांधल्याचा उल्लेख शास्त्रांत नाहीं. ज्याच्या जीवनाच्या मध्यभागीं देव आहे, त्याला जमिनीचा एक तुकडा गेल्यानें सर्व गेलें असें वाटत नाहीं; कारण जमीन देणारा त्याच्याजवळच आहे.

कबर

सारा वारली तेव्हां सर्व देशाचें वचन मिळालेल्या ह्या पुरुषापाशीं तिला पुरण्यापुरतीही जागा नव्हती. त्यानें एफ्रोनापासून मक्पेलाचें शेत ४०० शेकेल रुपें देऊन विकत घेतलें (२३:१६). एफ्रोन वरवर तें फुकट देऊं करीत होता. अब्राहामानें पुरी किंमत तोलून दिली. व्यवहार गांवच्या वेशींत, सर्वांदेखत झाला. आणि शेत, त्यांतील गुहा व हद्दीवरील झाडेंसुद्धां खरेदींत नमूद झालीं (२३:१७). ज्याची दृष्टि स्वर्गाकडे आहे तो हिशेबांत ढिला असतो, असें कोणी म्हणूं नये.

त्या देशांत अब्राहामानें विकत घेतलेली जमीन ती एवढीच. आणि तीही मृतांसाठीं. पुढें तो वारला, तेव्हां त्यास त्याच गुहेंत पुरावयास इसहाक व इश्माएल दोघेही आले (२५:९). लहानपणीं ताटातूट झालेले ते दोन भाऊ बापाच्या कबरेशीं एकत्र उभे राहिले.

माझीच गोष्ट सांगतों. वडील वारल्यावर ओढ्यालगतच्या शेताची आम्हां दोघां भावांत वांटणी झाली. बांधावर आंब्याचें एक झाड होतें; तें कोणाचें, हें लिहावयाचें राहून गेलें. त्या झाडावरून आम्ही चार वर्षें एकमेकांशीं बोललों नाहीं. त्या चार वर्षांत उत्पत्तीच्या तेराव्या अध्यायावर मीं दोन वेळां उपदेश केला. पुढें आई गेली. कबरेंत माती टाकण्यासाठीं आम्ही दोघे दोन बाजूंनीं वांकलों, तेव्हां भावाच्या हाताकडे माझें लक्ष गेलें. तो हात अगदीं वडिलांच्या हातासारखा दिसत होता. त्या संध्याकाळीं मी त्याच्या घरीं गेलों आणि झाड तूं घे, असें म्हणालों. त्यानें घेतलें. पुढील उन्हाळ्यांत त्यानें आंब्यांची पाटी पाठविली, असें सांगावयास मला आवडलें असतें. तशी कांहीं आली नाहीं. पण तो आतां मजशीं बोलतो, आणि प्रभुभोजनास आम्ही एकत्र बसतों. झाड माझ्याकडे राहिलें असतें तर ही भाकर आम्ही एकत्र खाल्ली नसती.

एक सूचना

हा पाठ शिकवितांना एक गैरसमज टाळावा. अब्रामानें सोडला तो स्वतःचा हक्क. विधवा भावजयीचा वांटा, पोरक्या पुतण्याची जमीन, मजुराची मजुरी, हीं सोडून द्यावयास आपलीं नव्हेत. दुर्बळास लुटलें जात असतां त्यास स्वर्गाकडे पाहून गप्प राहा असें सांगणें, ही श्रद्धा नव्हे. ज्या अब्रामानें कुरणासाठीं तंटा केला नाहीं, तोच शत्रूंनीं लोटास धरून नेल्यावर ३१८ माणसें घेऊन त्यास सोडविण्यास धांवला (१४:१४-१६). आणि सदोमाच्या राजानें लूट देऊं केली असतां स्वतःसाठीं त्यानें एक दोरा किंवा जोड्याचा बंदही घेतला नाहीं (१४:२३). स्वतःसाठीं सोडावें, दुसऱ्यासाठीं झटावें, हा ह्या चरित्राचा धडा आहे.

सभेंत विचारावयाचे प्रश्न

१. भांडण लागण्यापूर्वीं अब्राम कोठें गेला होता? आपण भांडणापूर्वीं प्रार्थना करितों कीं नंतर?
२. लोटानें निवड करितांना काय पाहिलें व काय पाहिलें नाहीं? मुलीसाठीं स्थळ, मुलासाठीं नोकरी पाहतांना आपण काय पाहतों?
३. आपल्या मंडळींत एकमेकांशीं न बोलणारे कोणी आहेत काय? ह्या आठवड्यांत त्यांपैकीं कोणीं प्रथम उठून जावें?

उपदेशकांनीं तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर मोठ्यानें मागूं नये. प्रश्न वाचून दोन मिनिटें शांत राहावें, आणि मग सर्वांनीं मिळून प्रार्थना करावी : हे प्रभु, जें आम्हांस सोडून जावयाचेंच आहे तें सैल हातानें धरावयास आम्हांस शिकीव, आणि ज्या भावाबरोबर तुझ्या नगरांत राहावयाचें आहे, त्याच्या दाराशीं आजच आम्हांस ने. आमेन.