मांजरीची नसबंदी : ऑपरेशनच्या आधी आणि नंतर

प्रश्न : आमची मनी सात महिन्यांची आहे. गेल्या आठवड्यात ती रात्र-रात्र ओरडत होती, फरशीवर लोळत होती. डॉक्टरांनी नसबंदी सुचवली आहे. सासूबाई म्हणतात, एकदा तरी पिल्लं होऊ द्या, नाहीतर तिला पुढे त्रास होईल. ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात? घरी काळजी काय घ्यायची?

उत्तर : तुम्ही सांगता ती लक्षणं माजावर आल्याची आहेत. मांजरी बहुधा पाच-सहा महिन्यांच्या झाल्या की माजावर येतात, काही तर चौथ्या महिन्यातच. माज साधारण आठवडाभर टिकतो आणि गर्भ राहिला नाही तर दोन-तीन आठवड्यांत पुन्हा येतो. गर्भ राहिला, तर सुमारे ६३ ते ६५ दिवसांत पिल्लं होतात. ती अंगावर पीत असतानाच आई पुन्हा गाभण राहू शकते.

सासूबाईंची काळजी मायेपोटी आहे, पण एक वेत झाल्याने मांजरीच्या तब्येतीला कोणताही फायदा होत नाही. उलट उशीर महागात पडतो. मांजरींच्या स्तनात होणाऱ्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या असतात. सहा महिन्यांच्या आत नसबंदी केली तर हा धोका सुमारे ९० टक्क्यांनी कमी होतो, वर्षाच्या आत केली तर सुमारे ८५ टक्क्यांनी. पुढे हा फायदा झपाट्याने घटतो. गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजारही टळतो. माज थांबवण्याच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं मात्र देऊ नका. त्यांनी हेच दोन्ही आजार ओढवू शकतात.

भर माजात रक्तस्राव थोडा जास्त होऊ शकतो, म्हणून अनेक डॉक्टर माज ओसरू देतात. तोवर मनीला घराबाहेर सोडू नका. लसीकरण पूर्ण आहे ना, ते पाहा आणि रक्त तपासून घ्या. आदल्या रात्रीपासून खाणं बंद ठेवावं लागतं. किती तास, ते तिच्या वयानुसार डॉक्टर सांगतील. भुलेखाली उलटी होऊन ती श्वासनलिकेत गेली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून दया येऊन पहाटे वाटीभर दूध देऊ नका.

दवाखान्यात तिला भूल देतात. भुलेत मांजराचे डोळे उघडेच राहतात, ते कोरडे पडू नयेत म्हणून त्यात मलम घालतात. पोटावरचे किंवा कुशीवरचे केस काढून लहानसा छेद घेतात. दोन्ही अंडाशयांच्या रक्तवाहिन्या दोऱ्याने घट्ट बांधून अंडाशयं आणि बहुधा गर्भाशयही काढतात, मग थराथराने टाके घालतात. यातलं तिला काही कळत नाही. निरोगी, तरुण मांजरीत भुलेचा धोका थोडा असतो. तो अजिबात नसतो असं मात्र कुणी सांगू नये.

घरी आणल्यावर पहिली रात्र तिला जमिनीलगत, उबदार आणि शांत कोपऱ्यात ठेवा. पलंगावर नको, कारण पाय लटपटत असतात. नीट उभी राहायला लागली की आधी घोटभर पाणी, मग थोडंसं खाणं द्या. पुढचे १० ते १४ दिवस गळ्यात कॉलर किंवा अंगात सर्जरीचा सदरा हवाच, कारण मांजराची जीभ खरखरीत असते आणि चाटून ती टाके सहज उसवते. कपाटावर, खिडकीत उड्या मारू देऊ नका. अंघोळ नको. जखमेवर हळद, तेल, पावडर असं काहीही लावू नका.

आणि हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा : मनी कण्हतेय असं वाटलं, तरी पॅरासिटामॉलच्या गोळीचा तुकडासुद्धा द्यायचा नाही. हे औषध पचवून निकामी करण्याची ताकद मांजराच्या यकृतात फारच कमी असते. एका गोळीनेही मांजर दगावू शकतं. वेदना कमी करणारं औषध डॉक्टरांनी दिलेलंच आणि सांगितलेल्या मापातच द्या.

पहिल्या दिवशी सुस्ती असणं किंवा टाक्यांखाली लहान, टणक फुगवटा येणं चालतं. पण हिरड्या पांढऱ्या पडणं, जखमेतून रक्त किंवा पू येणं, टाके उसवणं, वारंवार उलट्या होणं, शुद्धीवर आल्यानंतर चोवीस तास काहीच न खाणं, यांपैकी एकही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका.

जखम भरल्यावर मनीचा स्वभाव बदलणार नाही. थांबेल ते फक्त माजातलं ओरडणं आणि पळून जाण्याची धडपड. भूक मात्र वाढेल आणि शरीराची गरज कमी होईल. म्हणून खाणं मोजून द्या, रोज थोडा वेळ खेळवा आणि महिन्यातून एकदा वजन करा.

मनीचा पुढचा माज दोन-तीन आठवड्यांच्या आतच येऊ शकतो. त्याआधीची तारीख आजच डॉक्टरांकडून घ्या.