पहिलं नाव कुणाचं, ते आधी लिहून घ्या

इशाकॉनला, वाचा-श्रवण तज्ज्ञांच्या वार्षिक परिषदेला, पेपर वाचायचा म्हणजे स्लाइड्स चांगल्या करायच्या, असं आमच्या क्षेत्रातली नवी मुलं समजतात. मला विचाराल तर तयारीचा पहिला कागद लेखकांच्या नावांचा. पहिलं नाव कुणाचं, दुसरं कुणाचं, व्यासपीठावर उभं कोण राहणार. हा कागद मी मागितला होता. "अहो, आपल्यात कशाला ते?" असं म्हणून तो टाळण्यात आला. का टाळला, ते मला पुढे कळलं.

माझं काम दुभंगलेल्या टाळूची शस्त्रक्रिया झालेल्या मुलांचं बोलणं सुधारण्याचं, हिंगोलीत. शस्त्रक्रिया मोठ्या शहरात होते आणि मूल गावी परततं. टाळू शिवला म्हणजे बोलणं आपोआप सुधारेल, असं घरच्यांना वाटतं. ते तसं होत नाही. हवा नाकातून जाण्याची आणि 'क'च्या जागी घशात झटका देण्याची सवय जिभेला आणि गळ्याला लागून गेलेली असते. 'काका' म्हणायला सांगितलं की 'आआ' ऐकू येतं. ही सवय मोडायला महिनोन्‌महिने लागतात आणि ते काम सेनगाव, कळमनुरी, औंढ्याहून येणाऱ्या आयांना सोबत घेऊनच करावं लागतं.

हे करताना एक गोष्ट सारखी समोर येत होती. उच्चार तपासायच्या ज्या शब्दयाद्या आम्ही वापरतो, त्या प्रमाण मराठीवर बेतलेल्या आहेत. इकडचं पोरगं 'पाणी'ला 'पानी' म्हणतं. वऱ्हाडाला लागून असलेल्या गावांतलं असेल तर 'डोळा'चा 'डोया' करतं. तपासणीच्या कागदावर या दोन्ही चुका धरल्या जातात. पण त्या चुका नाहीतच. एका आईनं मला सरळ विचारलं होतं, "मॅडम, आमच्यात समदे असंच म्हणतेत, मग आमचं बी ऑपरेशन करता का?" तिचं बरोबर होतं. 'ण' आणि 'न' दोन्ही अनुनासिक, त्यांना टाळूच्या छिद्रानं काही फरक पडत नाही. टाळूचा दोष दिसतो तो प, ब, ट, ड, क, ग यांसारख्या, तोंडात हवेचा दाब लागणाऱ्या व्यंजनांत. म्हणून मी आधी आईचं बोलणं ध्वनिमुद्रित करायला लागले आणि मुलाचं बोलणं त्याच्याशी ताडून पाहायला लागले. माझा सगळा पेपर म्हणजे एवढीच गोष्ट होती: बोलीतला फरक दोषात मोजू नका, नाहीतर मूल 'ळ' घोकत बसेल आणि त्याचा 'क' तसाच राहील.

आता अडचण अशी की खाजगी दवाखाना चालवणाऱ्या थेरपिस्टकडे नीतिमत्ता समिती नसते, आणि मुलांवरच्या संशोधनाला तिच्या मंजुरीशिवाय पुढे जाता येत नाही. ती मंजुरी एका मोठ्या शहरातल्या ज्येष्ठांकडून येणार होती. त्यांचं नाव मी लिहीत नाही. मी त्यांच्या व्याख्यानांना बसलेली, त्यांना सर म्हणणारी. ध्वनिमुद्रणं, मोजणीचे कागद, मसुदा, सगळं त्यांच्याकडे गेलं. "बघून पाठवतो सबमिट करून," म्हणाले.

मग गोषवाऱ्यांची पुस्तिका मोबाइलवर आली. समोर एक मूल बसलेलं, बाहेर दोन आया थांबलेल्या. मी शोधत शोधत आमच्या विषयाशी आले. पहिलं नाव त्यांचं. दुसरं त्यांच्या एका विद्यार्थिनीचं, आणि तिच्याच नावापुढे सादरकर्तीची खूण. तिसरं माझं, तेही आद्याक्षर चुकवून. पण नावांनी बसला त्याहून मोठा धक्का खालचा मजकूर वाचून बसला. आईच्या ध्वनिमुद्रणाचा भाग काढून टाकला होता. 'पानी' आणि 'डोया' परत चुकांच्या रकान्यात गेले होते. निष्कर्ष काय, तर ग्रामीण मुलांत शस्त्रक्रियेनंतरही उच्चारदोष जास्त राहतात. माझ्याच मुलांच्या आवाजातून माझ्या म्हणण्याच्या बरोबर उलटं काढलं होतं. ते पान मी परत परत वाचलं. राग नंतर आला. आधी वाटलं, या आयांना मी आता काय सांगू?

फोन केला. "अहो मॅडम, तुमचं नाव आहे ना त्यात?" हे पहिलं वाक्य. मग, "हिंगोलीहून एवढ्या लांब कशाला येता, ती व्यवस्थित वाचेल." बोलीच्या मुद्द्यावर म्हणाले की परीक्षकांना असलं काही समजत नाही, सोपं करून दिलंय. आवाजात कुठे ओशाळलेपण नव्हतं. माझ्यावर उपकार केल्यासारखं बोलत होते. पुस्तिका निघाल्यावर दुरुस्ती होत नाही, हे त्यांनी मला समजावूनही सांगितलं.

म्हणून जे तालुक्याच्या गावी, जिल्ह्याच्या गावी बसून काम करतात, त्यांना सांगते.

लेखक कुणाला म्हणायचं, याचे जगभर मानले जाणारे निकष आहेत. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची जी समिती 1978 साली व्हँकुव्हरला पहिल्यांदा जमली, तिचे. कामात भरीव वाटा, मसुद्याच्या लेखनात किंवा त्यातल्या महत्त्वाच्या दुरुस्तीत सहभाग, अंतिम मजकुराला संमती, आणि कामाची जबाबदारी. चारही लागतात. मंजुरी मिळवून दिली म्हणून कुणी लेखक होत नाही, त्याचे आभार मानायचे असतात. हे निकष ईमेलमध्ये लिहा, खाली नावांचा क्रम लिहा आणि 'मान्य आहे' असं उत्तर आल्याशिवाय एकही ध्वनिमुद्रण पाठवू नका. फोनवरचं 'हो' धरू नका.

गोषवारा स्वतःच्या खात्यातून स्वतः भरा. पोहोच ज्याच्या ईमेलवर येते, मजकूर बदलणं त्याच्या हातात असतं.

मंजुरीसाठी एकाच दाराशी उभं राहायची गरज नाही. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ज्यांच्याकडे समिती नाही, त्यांना करार करून दुसऱ्या संस्थेच्या समितीकडे जाता येतं. नांदेडला विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि 2024 पासून हिंगोलीतही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालंय. आधी तिथे जाऊन विचारा. पालकांची संमती त्यांना समजेल अशा मराठीत घ्या. बंजारा कुटुंब असेल तर घरातल्या कुणाकडून त्यांच्या बोलीत समजावून द्या. सात वर्षांपुढच्या मुलाची स्वतःची कबुलीही लागते. व्हिडिओ सभागृहात दाखवायचा असेल तर त्याची परवानगी वेगळी घ्या. उपचाराच्या परवानगीत ती येत नाही.

बाकी नेहमीचं. परिषदेची नोंदणी लवकर करा, फी कमी पडते. आरसीआयच्या, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेच्या, नोंदणीचा कागद जवळ ठेवा आणि सीआरई, म्हणजे निरंतर शिक्षणाच्या, गुणांसाठी हजेरीची सही विसरू नका. देवनागरी जोडाक्षरं परक्या लॅपटॉपवर फुटतात, तेव्हा स्लाइड्सची पीडीएफ सोबत असू द्या आणि आवाजाच्या फायली वेगळ्याही घ्या. घड्याळ लावून मोठ्यानं वाचून पाहा. पूर्णा किंवा नांदेडहून पुढचं रिझर्वेशन वेळेत काढा. झोप नीट घ्या.

आणि मूळ ध्वनिमुद्रणं तुमच्याच कपाटात राहू द्या. माझी राहिली आहेत. त्याच मुलांचं काम, आयांच्या आवाजासकट, मी आता माझ्या नावानं पुन्हा लिहिलंय. मधे सरांचा मेसेज आला, यंदाही काही केसेस असतील तर पाठवा. मी नावांच्या क्रमाचा कागद सहीसाठी पाठवला. तो अजून परत आलेला नाही.