अक्षरांची घाई

लहान मुलाच्या वाचनाची सुरुवात कानापासून होते. तान्हे मूल आईचा आवाज ओळखते. दीड-दोन वर्षांचे मूल एकेका शब्दाने घर हलवते. तीन वर्षांचे मूल एकाच गोष्टीचा रोज हट्ट धरते आणि सांगणाऱ्याने एखादे वाक्य गाळले तर लगेच अडवते. पुस्तकातल्या काळ्या खुणांमधून असेच बोलणे बाहेर पडते, हे त्याला पुढे उमगते. त्या खुणा स्वतः सोडवणे त्याहीनंतर येते. हा क्रम उलटा केला की काय घडते, ते प्रस्तुत लेखिकेने स्वतःच्या घरात पाहिले. पुढील मांडणीला त्या अनुभवाचा आधार आहे.

लेखिकेची मुलगी अडीच वर्षांची असताना घरात मुळाक्षरांचा तक्ता आला. त्यापाठोपाठ अक्षरपत्त्यांचा संच आला आणि रोज दिवेलागणीनंतर अर्धा तास अभ्यास असा नेम ठरला. शुभंकरोती झाली की पत्ते निघत. तिसऱ्या वाढदिवसाच्या आत मुलगी ‘अ अननसाचा’पासून शेवटपर्यंत न अडखळता म्हणू लागली. पाहुणे आले की ‘मावशींना म्हणून दाखव बघू’ असा आग्रह होई, कौतुक होई, आणि आईला आपण योग्य वाटेवर आहोत असे वाटे. साडेतीन वर्षांची झाली तोवर बाराखडीही पाठ होती. एके संध्याकाळी पाटीवर ‘घर’ लिहून तिला वाचायला सांगितले. तिने बोट ठेवत म्हटले, ‘घ घराचा, र रथाचा.’ मग मिळून काय झाले, असे विचारल्यावर जरा थांबून ती म्हणाली, ‘रथाचं घर.’

मुलीचे यात काहीच चुकले नव्हते. तिला जे दिले होते तेच तिने मन लावून जोडले होते. चूक आईने केली: सराव कमी पडतो आहे असे समजून अर्ध्या तासाचा एक तास केला. त्याच सुमारास मुलीच्या बालवाडीने वहीत रोज पानभर अक्षरे गिरवायला सांगितली, त्यालाही तिने होकार दिला. आवाज चढू लागले. दिवे लागायची वेळ झाली की मुलीचे पोट दुखू लागले. पाटी कधी कॉटखाली सापडे, कधी गाद्यांच्या चवडीत. पाचव्या वर्षी तर जी चित्रांची पुस्तके ती पूर्वी उशाशी घेऊन झोपायची, त्यांना हात लावणेही तिने सोडले. कोणी पुस्तक उघडले की आता प्रश्न येणार, एवढेच तिला ठाऊक झाले होते. ही अढी जायला दीड वर्ष लागले. अक्षरे शिकवायला त्याच्या निम्माही वेळ लागला नव्हता.

या प्रसंगात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत, त्या सुट्या करून पाहिल्या पाहिजेत. पहिली लिपीची. ‘घ घराचा’ हे एक संपूर्ण वाक्य आहे; त्यात मुलाच्या कानावर ‘घ’ हा ध्वनी एकटा क्वचितच पडतो. तक्त्यावर चित्र असल्याने मूल अक्षराकडे न पाहता घराच्या चित्राकडे पाहून बोलते. चित्र हाताने झाकले तर घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, प आणि ष यांत त्याचा गोंधळ होतो, कारण त्यांतला फरक एखाद्या रेघेचा किंवा गाठीचा आहे. अननस, रथ, यज्ञ यांसारख्या वस्तू पुष्कळ मुलांनी पाहिलेल्याही नसतात, मग त्या नावांचा आधार तरी कसा मिळावा? देवनागरीत स्वरचिन्हे अक्षराच्या वर, खाली, पुढे, मागे चारी बाजूंना बसतात. पहिली वेलांटी तर लिहायची व्यंजनाच्या आधी आणि उच्चारायची नंतर. र कधी रफार होऊन डोक्यावर जातो, कधी पायाशी तिरकी रेघ होतो. चौतीस व्यंजने आणि प्रत्येकाची बाराखडीतली बारा रूपे एवढीच धरली तरी चारशेहून अधिक आकार होतात, आणि जोडाक्षरे त्यापलीकडे. कन्नड शिकणाऱ्या मुलांवर सोनाली नाग यांनी केलेल्या अभ्यासातही असेच दिसले, की आपल्याकडच्या लिप्यांमधली अक्षरे पूर्ण हाती यायला प्राथमिक शाळेची काही वर्षे जातात. ती तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाने पाठ म्हटली तर ते पाठांतर झाले.

दुसरी गोष्ट अर्थाची. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये वाचनाचे एक सोपे सूत्र मांडले: लिपी उलगडण्याची क्षमता गुणिले भाषा समजण्याची क्षमता. येथे बेरीज नसून गुणाकार आहे, हे महत्त्वाचे. दोहोंपैकी एक शून्य असेल तर दुसरी कितीही मोठी असली तरी उत्तर शून्यच येते. लेखिकेने सगळा भर पहिल्या घटकावर दिला, आणि तोही अर्धवट. त्या दोन वर्षांत घरातल्या गोष्टी बंद पडल्या होत्या, कारण संध्याकाळ अभ्यासाला गेली होती. आजीची कोल्ह्या-करकोच्याची गोष्ट मागे पडली, हे त्यातले सर्वांत मोठे नुकसान होते असे लेखिकेचे आजचे मत आहे.

आपल्याकडे या प्रश्नाचा विचार फार आधी झालेला आहे. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत बालगृह उघडले, आणि मुलाच्या हातांना, इंद्रियांना काम देत शिक्षण पुढे न्यावे हा विचार तेथून जगभर गेला. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी तो भावनगरच्या बालमंदिरात आपल्या मातीत रुजवला. पुढे ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम उभे केले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणात न्यावी, हा त्यांचा मार्ग होता. पाने, दगड, बिया, शिंपले ही त्यांची साधने. साधने गरिबाघरची होती म्हणून त्यांचे मोल कमी झाले नाही. मुलाला ती ओळखीची होती, हाच त्यांचा गुण. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे, त्यामागेही वाचायला शिकण्याला पाच वर्षांचा अवकाश द्यावा हीच दृष्टी दिसते.

घरी काय करावे, याचा आरंभ बोलण्यापासून होतो. मुलाशी पूर्ण वाक्यांत, खऱ्या विषयांवर बोलावे. भाजी निवडताना मेथी आणि शेपू यांच्या पानांतला फरक, कुकरची शिट्टी का होते, पाऊस येण्याआधी मातीला वास का येतो, अशा गप्पांतून मुलाला हजारो शब्द मिळतात. घरात मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी किंवा वारली बोलली जात असेल तर तीच बोलावी. पुस्तकातली मराठी त्या शब्दांच्या शेजारी हळूहळू येऊन बसते. घरची बोली दाबली तर मूल गप्प होते, आणि गप्प मुलाला वाचायला शिकवणे फार कठीण जाते.

मोठ्याने वाचून दाखवणे हा यातला सर्वांत समृद्ध भाग आहे. रोज दहा-पंधरा मिनिटे पुरतात, पण ती मांडीवर किंवा खांद्याला खांदा लावून, पुस्तक दोघांना दिसेल असे धरून व्हावीत. मधूनच ओळीखालून बोट फिरवले की मुलाच्या लक्षात येते की आवाज चित्रातून येत नाही, या रेघांतून येतो. ओळ डावीकडून उजवीकडे जाते. शब्दांमध्ये मोकळी जागा असते. तेच पुस्तक विसाव्यांदा मागितले तर विसाव्यांदा वाचावे. मुलाला पुढचे वाक्य माहीत असते, म्हणूनच ते छापलेल्या शब्दाशी त्याची जोड लावू शकते. मध्ये थांबून ‘हे काय आहे? याचा रंग कोणता?’ असे प्रश्न विचारण्याची सवय मात्र सोडावी. लेखिकेच्या घरात पुस्तकावर राग बसला तो अशाच प्रश्नांनी. ‘मला वाटतं हिला आता भीती वाटत असेल’ असे मोठ्याने स्वतः म्हटले तर मूल आपणहून बोलू लागते. पुस्तके निवडताना चित्र आणि मजकूर दोन्ही मुलाच्या जगातले असावेत. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’मध्ये घरातली माणसेच आहेत, आणि लेखिकेच्या मुलीने पहिल्यांदा परत हातात घेतले ते हेच पुस्तक, कारण त्यातली आजी तिच्या आजीसारखी होती.

ध्वनींचे खेळ तोंडी आणि बिनखर्चाचे असतात. शब्दाचे तुकडे पाडून टाळ्या वाजवाव्यात: बा-भू-ळ, प-प-ई. शेवटच्या अक्षरावरून गावांच्या नावांच्या भेंड्या लावाव्यात. ‘क’ने सुरू होणाऱ्या स्वयंपाकघरातल्या वस्तू शोधाव्यात. मराठी मुलाला शब्दातले अक्षर लवकर ऐकू येते. त्या अक्षरातला व्यंजन आणि स्वर हा भेद उशिरा येतो, आणि स्वरचिन्हे शिकवताना अडते ते येथेच. ‘क’, ‘का’, ‘की’ यांत काय बदलले ते आधी कानाला कळावे, मग डोळ्याला दाखवावे. च, ज, झ यांचे मराठीत दोन उच्चार आहेत, हेही बोलता बोलता समजते: ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जगणे कर, दोन्ही एकसारखेच लिहिले जातात.

अक्षरे कधी आणि कशी शिकवावीत, याला महाराष्ट्रात चांगले उत्तर सापडलेले आहे. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी मुळाक्षरांची सबंध माळ आणि बाराखडी आधी पाठ करून घेण्याचा रिवाज बाजूला ठेवला. थोडी अक्षरे आणि त्यांच्यासोबत स्वरचिन्ह घेऊन लगेच शब्द करायचे, अशी रीत वापरली. घरीही हे सहज जमते. समजा क, म, न, ल, र ही पाच अक्षरे आणि एक काना घेतला. तेवढ्यावर कान, नाक, काका, मामा, मका, लाल, रान, कमान, कमाल असे शब्द होतात आणि ‘काकाला काम, मामाला मका’ असे वाक्यही होते. मूल पहिल्याच आठवड्यात काहीतरी खरे वाचते आणि त्यावर हसते. अक्षराचे नाव सांगताना नुसता ‘क’ म्हणावा, त्याला ‘चा’ची शेपटी लावू नये. दिसायला सारखी अक्षरे एकाच गटात घेऊ नयेत. घ पक्का झाल्यावर काही आठवड्यांनी ध आणावा. जोडाक्षरांची घाई तर मुळीच करू नये. मुलाचे स्वतःचे नाव याला अपवाद आहे. ‘प्राजक्ता’ला आपले नाव ओळखायला रकाराचा नियम लागत नाही, ती ते चित्रासारखे ओळखते आणि त्यावर हक्क सांगते.

लिहिण्याचे वेगळे आहे. चार वर्षांच्या बोटांत पेन्सिल बराच वेळ धरण्याची ताकद नसते, म्हणून पानभर गिरवण्याने हात आणि मन दोन्ही दमतात. शेंगा सोलणे, कणकेचे गोळे, मण्यांची माळ, ठिपक्यांची रांगोळी, ओल्या वाळूत बोटाने काढलेल्या रेघा यांनी हात तयार होतो. मूल वेड्यावाकड्या खुणा काढून ‘ही यादी आहे’ म्हणाले तर ती यादी म्हणूनच घ्यावी आणि दुकानात घेऊन जावी.

इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाणाऱ्या मुलांपुढे दोन लिप्या एकदम येतात. यात घाबरण्यासारखे काही नाही, पण घरात बोलली जाणारी भाषा वाचायला आधी शिकणे सोपे असते, कारण सोडवलेला शब्द ओळखीचा निघतो. शाळेची मागणी वयाला सोसणारी नसेल तर पालकांनी शिक्षिकेशी शांतपणे बोलावे आणि घरी तीच मागणी दुप्पट करू नये. सातव्या-आठव्या वर्षापर्यंत वेगात मोठा फरक असणे स्वाभाविक आहे. मूल हाकेला ओ देत नसेल, कान वारंवार फुटत असतील, पुस्तक अगदी डोळ्यांजवळ धरत असेल किंवा तीन वर्षांनंतरही वाक्य बोलत नसेल, तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.

लेखिकेच्या घरात दुरुस्ती झाली ती तक्ता भिंतीवरून उतरवून. सहा महिने एकही अक्षर विचारले नाही. संध्याकाळ पुन्हा आजीच्या गोष्टींना मिळाली. रस्त्यावरच्या पाट्या आई स्वतःसाठी म्हणून मोठ्याने वाचत असे, मुलीला वाच म्हणत नसे. किराण्याची यादी दोघी मिळून करत, मुलगी सांगे आणि आई लिही. सहाव्या वर्षी एका एसटी थांब्यावर समोरून आलेल्या गाडीकडे पाहून ती सहज म्हणाली, ‘ही नाशिकला चाललीय, आपली नाही.’ आईने त्यावर कौतुकाचा गजर केला नाही. ‘हो, आपली मागून येईल’ एवढेच म्हणाली.

मूल स्वतः वाचू लागल्यावरही वाचून दाखवणे थांबवू नये. पहिली-दुसरीतल्या मुलाला ऐकून जेवढे समजते तेवढे स्वतः वाचून समजत नाही. हे अंतर प्राथमिक शाळेची बरीच वर्षे टिकते. त्या काळात लांबच्या, क्रमशः चालणाऱ्या गोष्टी मोठ्यांनी वाचाव्यात आणि सोपी पुस्तके मुलाने. एक पान तू, एक पान मी अशी वाटणी मुलांना आवडते. अडलेला शब्द लगेच सांगून टाकावा आणि गोष्ट पुढे न्यावी.