शेतकऱ्याचा सोबती : कुत्रा व त्याचे संगोपन

शेतकऱ्याच्या हिशेबाच्या वहीत बैलजोडीची किंमत लिहिलेली असते, गाईच्या दुधाची नोंद असते, शेळ्यांच्या विक्रीचीही असते. कुत्र्याचे नाव मात्र त्या वहीत सहसा आढळत नाही. तो दूध देत नाही, नांगर ओढीत नाही, व गावच्या बाजारात त्याला मोलही येत नाही. तरीही मालेगाव तालुक्यातील मळ्यांत, कांद्याच्या चाळीपाशी, मक्याच्या कणसांच्या ढिगाजवळ किंवा मेंढ्यांच्या वाड्याशेजारी कुत्रा दिसतोच. त्याच्यापासून मालकास काय मिळते आणि त्याबदली मालकाने त्याला काय द्यावयास हवे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जुना ऋणानुबंध

माणूस शेती करू लागला त्याच्याही आधी कुत्रा माणसाळला होता. जर्मनीतील ओबरकासेल येथे सुमारे १४,००० वर्षांपूर्वीच्या दफनात माणसांच्या सांगाड्यांबरोबर कुत्र्याचे अवशेष सापडले आहेत. गाय, मेंढी व शेळी ही जनावरे माणसाच्या आश्रयास आली ती त्यानंतर.

मालेगावच्या परिसरास हे नाते नवीन नाही. शहराजवळील चंदनपुरी हे खंडोबा व बाणाई यांचे स्थान आहे. खंडोबाने बाणाईच्या घरी राहून तिच्या मेंढ्या राखल्या, अशी कथा सांगितली जाते. पौष पौर्णिमेस तेथे मोठी यात्रा भरते. खंडोबाच्या अनेक प्रतिमांत घोड्याबरोबर कुत्राही असतो. मेंढपाळांच्या देवाजवळ कुत्रा असावा हे स्वाभाविकच होय. कारण रानात मुक्काम पडला म्हणजे लांडग्यापासून वाडा राखणे हे एकट्या माणसाचे काम नव्हे.

मालकाचा लाभ

पहिला लाभ राखणीचा. कुत्र्याचे नाक व कान माणसाहून कितीतरी तीक्ष्ण असतात. चाळीतील कांदा, विहिरीवरील मोटार, वायर व गोठ्यातील वासरू यांची राखण तो रात्रभर करतो. शेतीपंपास रात्रीची वीज मिळाली म्हणजे पाणी देण्यासाठी शेतकऱ्यास अंधारात बांधावर जावे लागते. अशा वेळी पुढे चालणारा कुत्रा थबकला किंवा गुरगुरला तर मालकानेही थांबून विजेरीचा प्रकाश टाकावा. मात्र कुत्रा बरोबर आहे म्हणून उंच बूट व काठी घरी ठेवू नये.

दुसरा लाभ सोबतीचा. मुले शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी शहरात गेली म्हणजे मळ्यावरील घरात पुष्कळदा वृद्ध आईवडीलच उरतात. शेजारचे घर दोन शेते ओलांडून असते. अशा घरी कुत्र्यास वेळेवर भाकरी घालावयाची, त्याला पाणी ठेवावयाचे, सकाळी त्याच्याबरोबर शेतास फेरी घालावयाची, या लहान कामांनी दिवसाला वळण लागते. आपली वाट पाहणारे कोणी तरी घरी आहे, ही जाणीव एकटेपणात मोठा आधार देते. कुत्रा व त्याचा मालक एकमेकांकडे स्नेहाने पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन या द्रव्याचे प्रमाण वाढते, असे जपानमधील संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखविले आहे. आईला मुलाविषयी वाटणाऱ्या मायेशी याच द्रव्याचा संबंध आहे.

तिसरा लाभ मुलांचा. मुक्या प्राण्याची भूक, भीती व दुखणे ओळखावयास शिकलेले मूल पुढे गोठ्यातील जनावरांकडेही त्याच नजरेने पाहते.

पिल्लू आणताना

पिल्लू आठ आठवड्यांचे होण्यापूर्वी आईपासून तोडू नये. तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे तीन महिन्यांपर्यंतचा काळ त्याच्या स्वभावाची घडण करणारा असतो. या काळात त्याला घरातील माणसे, मुले, गुरे व कोंबड्या यांची ओळख करून द्यावी. मेंढ्यांत वाढलेले पिल्लू मेंढ्यांना आपले मानते. मारून व डिवचून कुत्रा तिखट होतो, ही समजूत चुकीची आहे. तसा कुत्रा भित्रा होतो, व भ्यालेला कुत्रा घरच्या माणसासही चावतो.

अन्न

नुसत्या बाजरीच्या भाकरीवर पिल्लाचे पोषण होत नाही. भाकरीबरोबर वरण, उकडलेले अंडे किंवा शिजविलेले बिनहाडाचे मांस द्यावे. पिल्लास दिवसातून तीन-चार वेळा व मोठ्या कुत्र्यास दोन वेळा खावयास घालावे. स्वच्छ पाणी नेहमी जवळ असावे.

नाशिक जिल्ह्यात एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. येथील दोन प्रमुख पिके, कांदा व द्राक्षे, कुत्र्यास बाधतात. कांदा कच्चा असो, शिजविलेला असो वा वाळविलेला असो, त्यामुळे कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. काही दिवसांनी कुत्रा मलूल होतो, हिरड्या पांढुरक्या पडतात व लघवी गडद तांबूस होते. द्राक्षे व बेदाणे यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. म्हणून कांदा घातलेली उरलेली भाजी कुत्र्याच्या ताटलीत ओतू नये. उंदरांसाठी ठेवलेले विषारी आमिष व त्याने मेलेले उंदीरही त्याच्या तोंडी लागू देऊ नयेत.

रोगप्रतिबंध

पिसाळ रोग, म्हणजेच रेबीज, हा या सोबतीतील सर्वांत मोठा धोका होय. माणसास होणारा हा रोग बहुतेक सर्व वेळा कुत्र्याच्या चाव्यातूनच येतो, व लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. उलट, वेळेवर उपचार झाल्यास तो टाळता येतो. पिल्लू तीन महिन्यांचे झाले म्हणजे पहिली लस टोचावी, पशुवैद्य सांगतील तेव्हा पूरक मात्रा द्यावी व पुढे दरवर्षी लस द्यावी.

कुत्रा चावल्यास जखम ताबडतोब साबणाने व वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी. तिखट, चुना, हळद किंवा तेल लावू नये. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे व ठरलेल्या तारखांना सर्व मात्रा पूर्ण कराव्यात. पूर्वी पोटात घ्याव्या लागणाऱ्या १४ इंजेक्शनांच्या भीतीने लोक उपचार टाळीत. ती जुनी लस भारतात २००४ साली बंद झाली असून आताची लस दंडावर दिली जाते. चावणारा कुत्रा घरचा असला तरी डॉक्टरांचा सल्ला घेतल्यावाचून राहू नये.

दुसरा धोका फीतकृमीचा. मेंढी-शेळीच्या यकृतात किंवा फुफ्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी असतात. असे अवयव कच्चे खाल्ल्याने कुत्र्याच्या आतड्यात कृमी वाढतात, त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, व अस्वच्छ हातांवाटे माणसाच्या पोटात गेल्यास त्याच्याही यकृतात तशाच गाठी होतात. म्हणून असे अवयव कुत्र्यापुढे न टाकता खोल पुरावेत, पशुवैद्याच्या सल्ल्याने कुत्र्यास नियमित जंतनाशक द्यावे, व मुलांना जेवणापूर्वी हात धुण्याची सवय लावावी.

रात्रीची सुरक्षितता

नाशिकला लागून असलेल्या अकोले तालुक्यातील एका अभ्यासात, बिबट्याने खाल्लेल्या भक्ष्याच्या वजनात सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा आढळला. यावरून, जेथे बिबट्याचा वावर आहे तेथे रात्री उघड्यावर साखळीने बांधलेला कुत्रा राखणदार न राहता भक्ष्यच ठरतो. त्यास पळताही येत नाही व झुंजताही येत नाही. अशा ठिकाणी त्याला घराजवळ मजबूत जाळीच्या बंदिस्त जागेत ठेवावे. तेथूनही तो भुंकून सूचना देऊ शकतो. मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा बांधतात तो याच कारणासाठी.

दिवसाही कुत्रा सतत बांधून ठेवू नये. आखूड किंवा जड साखळीने फार वेळ बांधणे, तसेच नेहमी बांधलेल्या कुत्र्यास फिरविण्याची हयगय करणे, हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाखाली गुन्हा आहे.

पिल्लांची जबाबदारी

कुत्री सुमारे ६३ दिवसांनी विते. नकोशी पिल्ले पोत्यात घालून बाजाराच्या गावी किंवा रस्त्याच्या कडेस सोडण्याचा प्रकार अत्यंत निंद्य आहे. त्यांतील जी जगतात, त्यांचीच पुढे टोळकी होतात व कोणाच्या तरी कोकरांवर व मुलांवर धावून जातात. पैदास करावयाची नसल्यास पशुवैद्याकडून नसबंदी करून घ्यावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

कार्यकर्त्यांनी वस्तीवरील जनावरांची यादी करताना कुत्र्याचीही नोंद करावी व लसीची तारीख त्यापुढे लिहावी. गाई-म्हशींच्या लसीकरणाचा दिवस ठरविताना कुत्र्यांच्या लसीची सोय त्याच दिवशी होईल काय, याची पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारणा करावी. मुक्कामास आलेल्या मेंढपाळांचे वाडे यातून वगळू नयेत. त्यांच्या मेंढ्यांचे खत शेतास हवे असते, तसे त्यांच्या कुत्र्यांचे आरोग्यही गावास हवे असते.

कुत्रा राखणदार म्हणून घरी येतो व हळूहळू घरचा होतो. घरच्या माणसाचे दुखणेखुपणे, खाणेपिणे व निवारा जसा पाहिला जातो, तसाच त्याचाही पाहिला पाहिजे. वर्षातून एक लस, दिवसातून दोन वेळचे अन्न व थोडी मोकळीक, एवढेच त्याचे मागणे असते. जो मालक ते पुरविणार नाही, त्याने कुत्रा पाळू नये. जो पुरवील, त्याच्या मळ्यावरील रात्र निर्धास्त जाईल.