बोकडाची परीक्षा

शहापूर-मुरबाडकडे पुष्कळ घरांत दोनचार शेळ्या असतात. पैशाची नड आली की करडू विकायचे. व्यापारी दारात येतो आणि सगळ्यांत दांडगे करडू उचलून नेतो. घरी काय उरते? किडकिडे. पुढे तेच कळपात बाप होऊन बसते. चांगले बियाणे विकावे आणि पोचट पेरावे, तसा हा प्रकार.

मग दांडगे राखले की झाले का? तेवढ्यानेही भागत नाही. समजा, तुमच्या काळीला एकच करडू झाले. तीन महिन्यांनी ते 10 किलो भरले. बांडीला जुळी झाली. एक भरले 8 किलो, दुसरे साडेसात. डोळा म्हणतो, काळीचे भारी. पण त्याला आईचे सगळे दूध एकट्याला मिळाले. बांडीने मात्र साडेपंधरा किलो वजन दिले! दरवर्षी मोठे म्हणून एकुलतेच करडू राखले, तर जुळी देणारे रक्त हळूहळू कळपातून जाईल.

म्हणून वही ठेवावी. शेळीचे नाव, बोकड कोणता, विण्याची तारीख, करडे किती, तीन महिन्यांनी जगली किती, वजन किती. एवढे पुरे. मेलेले करडूही लिहायचे. पुष्कळजण नेमके तेच गाळतात.

डेन्मार्क देशात डुकरांसाठी असे तपासणी केंद्र 1907 साली निघाले. एका विणीतली चार पिले तेथे नेत, मोजून खाणे देत आणि ती कशी वाढली यावरून आईबापांची पारख करीत. युक्ती चांगली. पण केंद्रावरची निगा साध्या शेतकऱ्याच्या गोठ्यात कुठून येणार? म्हणून आज डुकरांची पैदास करणाऱ्या कंपन्या बाजारासाठी वाढवलेल्या साध्या डुकरांच्याही नोंदी घेतात. बाप राहतो स्वच्छ जागेत. त्याची परीक्षा होते लेकरांवरून.

आपल्या राज्यात फलटणला असेच काम झाले. तेथे बनबिहारी निंबकर यांनी 1968 साली निंबकर कृषी संशोधन संस्था काढली. बंगालच्या सुंदरबनातली गॅरोल मेंढी लहानखुरी, पण जुळी-तिळी देणारी. आपली दख्खनी अंगाने मोठी, पण बहुधा एकच कोकरू देते. 1990 च्या दशकात संस्थेने दोघींचा संकर सुरू केला. जुळ्यांचा गुण उतरलेली जनावरे पुढे धनगरांच्या कळपांत गेली, आणि नोंदी तिथेही घेतल्या. वाड्यात जुळी जगतीलच. रानोमाळ फिरणाऱ्या मेंढीला ती पोसवतील का, हा खरा प्रश्न होता. तिथेही मेंढीमागे कोकरे वाढलेली दिसली.

आपल्याकडे प्रश्न पावसाचा. उस्मानाबादी बोकड मराठवाड्याच्या कोरड्या हवेतला. माळशेजच्या पायथ्याला आषाढ-श्रावणातली ओल त्याची करडे सोसतील का? बोकडाकडे बघून हे कळायचे नाही. म्हशाच्या जत्रेत आपण बैलाचे दात बघतो, शिंगे बघतो, चालवून बघतो. पण त्याची किती भावंडे मेली, हे काही शिंगांवर लिहिलेले नसते.

एका घराच्या वहीने मात्र निकाल लागत नाही. कुणाकडे चारा जास्त, कुणाकडे कमी. पाड्यातल्या दहा घरांनी वह्या एकत्र आणाव्या. ज्या घरात दोन बोकडांची करडे वाढली असतील, तिथली शेजारी-शेजारी ताडून पाहावी. ठरलेला बोकडही फार वर्षे एकाच कळपात ठेवू नये; दुसऱ्या पाड्याशी अदलाबदल करावी. नाहीतर तो आपल्याच लेकींना लागतो आणि करडे अशक्त निपजतात.

आता हा हिशेब करा. एका पाड्यात दोन बोकड. तांबड्याची 20 करडे झाली. तीन महिन्यांनी 12 जगली, सरासरी वजन 10 किलो. कबऱ्याचीही 20 झाली. 17 जगली, सरासरी 9 किलो. घरे तीच, चारा तोच. कोणाच्या करडांचे एकूण वजन जास्त? दारात व्यापारी उभा आहे. दोघांतला कोणता बोकड त्याला द्याल?