पायाखालची जमीन आणि धावण्याचा सराव

बोदवड परिसरात पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी मुले-मुली आता नित्याचे दृश्य झाली आहेत. त्यांतील बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पोलीस भरती असते. मुलांसाठी 1600 मीटर, मुलींसाठी 800 मीटर. या अंतरात वाचवलेले काही सेकंद एखाद्या कुटुंबाचे भवितव्य बदलू शकतात. हे तरुण आहाराचा विचार करतात, बुटांसाठी पैसे साठवतात, घड्याळ लावून वेळ मोजतात; मात्र आपण कोणत्या जमिनीवर धावतो, याचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात तोच विषय समजून घ्यावयाचा आहे.

जमीन काय करते?

आपण पायाने जमीन दाबतो, तेवढ्याच बळाने जमीन पायाला उलट दाबते. न्यूटनचा हा नियम आपण शाळेत शिकलो. धावताना हे बळ शरीराच्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट होते. 60 किलो वजनाच्या मुलाच्या पायावर प्रत्येक पावलाला 120 ते 180 किलोंचा भार येतो आणि 1600 मीटरमध्ये अशी हजाराहून अधिक पावले पडतात.

शरीर हा भार निमूटपणे सोसत नाही. आपला पाय स्प्रिंगसारखा वागतो. जमीन कठीण असेल तर तो सांध्यांत थोडा अधिक लवतो. मऊ असेल तर ताठ राहतो. म्हणून ‘कठीण जमीन म्हणजे दुखापत’ हे समीकरण पूर्णतः खरे नाही. बहुतेक दुखापती सवय नसलेल्या जमिनीवर एकाएकी जास्त धावल्याने होतात.

आपल्या भोवतालच्या जमिनी

*डांबरी रस्ता :* सपाट आणि घट्ट असल्याने येथे वेग चांगला मिळतो. मात्र पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो. रोज एकाच कडेने धावल्यास एक पाय सतत खालच्या पातळीवर पडतो आणि घोटा, गुडघा व कंबर यांवर असमान ताण येतो. सिमेंटचा रस्ता याहूनही कठीण. शिवाय अंधारात वाहनांचा धोका असतो, तो वेगळाच.

*काळी माती :* कापसाला वरदान ठरलेली खानदेशची ही माती धावणाऱ्याची मात्र परीक्षा पाहते. तिच्यातील चिकणमाती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते. पावसाळ्यात ती बुटांना चिकटून पाय जड करते. उन्हाळ्यात तिला पडलेल्या भेगांत पाय अडकून घोटा मुरगळतो. पावसाळा सरल्यावर, ओल उतरून भेगा पडण्यापूर्वी, सपाट केलेली काळी जमीन सरावास चांगली असते.

*मुरूम :* अंथरून, पाणी मारून, रोलर फिरवलेला मुरूम पाण्याचा निचरा करतो आणि डांबराहून सौम्य राहतो. नेहमीच्या सरावासाठी आपल्या भागात याहून सोयीची जमीन नाही. सुटे खडे मात्र वेचून काढावेत.

*वाळू :* कोरड्या वाळूत पाय रुततो आणि लावलेले बळ वाया जाते. त्याच वेगाने धावण्यास घट्ट जमिनीच्या सुमारे दीडपटीहून अधिक ऊर्जा लागते. पोटऱ्या मजबूत करण्यास आठवड्यातून एकदा दहा-पंधरा मिनिटे पुरेत. अधिक केल्यास टाचेमागची शीर दुखावते.

*सिंथेटिक ट्रॅक :* 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकपासून हा ट्रॅक जागतिक स्पर्धांत रूढ झाला. पुढे 1977 मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने पायाच्या लवचिकतेशी जुळणारा ट्रॅक मुद्दाम बांधला, तेव्हा तेथील धावपटूंचा वेगही सुधारला आणि दुखापतीही घटल्या. जमिनीचा परिणाम किती खरा आहे, हे यावरून दिसते.

मातीतून ट्रॅककडे

नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याची कविता राऊत अनवाणी धावत मोठी झाली आणि 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिने 10,000 मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे घरापासून सहा किलोमीटरवरच्या शाळेत पायी वा धावत जाई. पुढे तो महार रेजिमेंटमध्ये दाखल झाला. सियाचीनचा बर्फ आणि राजस्थानची वाळू त्याने तुडवली. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसचे रौप्यपदक त्याने 8 मिनिटे 11.20 सेकंदांत पटकावले. खेड्यातील माती कमीपणाची नव्हे, हे या दोघांनी दाखवले. मात्र स्पर्धा जिंकण्यासाठी त्यांनाही ट्रॅकवरचा शिस्तबद्ध सराव करावाच लागला.

सरावाचे नियोजन

आठवड्यातील बहुतेक धाव मुरूम वा सपाट मातीवर असावी. भरतीची चाचणी ज्या प्रकारच्या मैदानावर होणार, तशा जमिनीवर आठवड्यातून एक-दोनदा वेगाचा सराव करावा. जमीन बदलायची असेल तर अंतर कमी करून तीन-चार आठवड्यांत हळूहळू वाढवावे. 200 मीटरच्या वर्तुळात 1600 मीटरसाठी आठ फेऱ्या होतात. एकाच दिशेने वळत राहिल्यास दोन्ही पायांवर सारखा भार येत नाही, म्हणून सरावाची दिशा दिवसाआड बदलावी. नडगीवर एका ठिकाणी बोट ठेवताच कळ येत असेल आणि विश्रांतीतही दुखत असेल, तर धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. हाडाला सूक्ष्म चीर गेलेली असू शकते. तशात धावत राहिल्यास भरतीचे ते वर्ष हातचे जाते आणि वयोमर्यादा कोणासाठी थांबत नाही.

विनयपिटकातील सोण कोळिवीसाची कथा आपल्या परिचयाची आहे. सुकुमार पायांचा हा भिक्खू चंक्रमण करता करता रक्तबंबाळ झाला आणि निराश झाला. तथागतांनी त्याला वीणेच्या तारांचा दाखला दिला : तार फार ताणलेली नको, फार सैलही नको. त्याच प्रसंगी त्यांनी भिक्खूंना पादत्राणांची अनुज्ञाही दिली. प्रयत्नाइतकीच पायांचीही काळजी घ्यावी, हा त्यातील अर्थ प्रत्येक धावपटूने ध्यानी घ्यावा.

माजी विद्यार्थी व पालकांना एकच विनंती आहे. सिंथेटिक ट्रॅक आपल्या आवाक्याबाहेरचा असेल; परंतु मैदानाच्या कडेने मुरमाची एक पट्टी, वर्षातून दोनदा रोलर आणि भेगा बुजवण्यासाठी एक दिवसाचे श्रमदान आपल्या हातचे आहे. रस्त्यावरच्या अंधारातून आपली मुले मैदानावर आली, तर त्यांचे पाय सुरक्षित राहतील आणि त्यांची मेहनत फळास येईल.